नाक पुढे, आता उठू : डिमेन्शिया असलेल्या माणसासोबत करायचा व्यायाम

डिमेन्शियात, म्हणजे स्मरण आणि विचारशक्ती हळूहळू ढासळत जाणाऱ्या आजारात, व्यायाम चांगला, हे बहुतेक घरांना डॉक्टरांकडून कळलेले असते. तो घरात करायचा कसा, हे मात्र फार थोड्यांना कुणी दाखवलेले असते. त्याविषयी आलेल्या पत्रांतली काही पत्रे आणि त्यांची उत्तरे पुढे देत आहोत. हृदयविकार, अलीकडे मोडलेले हाड, झालेली शस्त्रक्रिया किंवा वारंवार पडणे यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांना आणि शक्यतो फिजिओथेरपिस्टला माणूस प्रत्यक्ष दाखवा, मगच सुरुवात करा.

प्रश्न : माझ्या यजमानांना अल्झायमर आहे, वय ७४. व्यायामाचा छापील तक्ता मिळालाय. मी एकेक ओळ वाचून दाखवते, ते "हो, हो" म्हणतात आणि तसेच बसून राहतात. अंगात ताकद आहे. मग मुद्दाम करतात का?

नाही, मुद्दाम नाही. "पाय मागे घ्या, मग पुढे वाका आणि उठा" हे वाक्य पार पाडायला तीन तुकडे क्रमाने डोक्यात धरून ठेवावे लागतात, आणि अल्झायमरमध्ये, म्हणजे डिमेन्शियाच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात, ही पकड लवकर सुटते. ताल धरणे, चेंडू झेलणे, समोरच्याने हात पुढे केला की आपलाही पुढे करणे या अंगात मुरलेल्या हालचालींची आठवण मेंदूत वेगळ्या वाटेने साठवलेली असते. ती बराच काळ टिकते. म्हणून कागद बाजूला ठेवा आणि त्यांच्यासमोर बसून तुम्हीच व्यायाम करू लागा.

हे "सोबत" शब्दशः घ्या. तुम्ही उभ्या राहून मोजणार आणि ते करणार, अशी मांडणी झाली की तुम्ही मास्तरीण होता आणि ते नापास होणारा मुलगा. दोघे करत असाल तर त्यांना पाहायला तुमचे शरीर मिळते. तीच त्यांची सूचना.

टीव्ही बंद करा. समोरून, त्यांच्या नजरेच्या टप्प्यातून जा. या आजारात बाजूचे दिसले तरी पुष्कळदा लक्षात येत नाही, आणि बाजूने अचानक लागलेल्या हाताने माणूस दचकतो. डावा-उजवा म्हणू नका. तुम्ही समोर बसून उजवा हात उचलला की ते आरशासारखा डावा उचलतील. तेच बरोबर आहे, दुरुस्त करू नका.

सूचना दोन-तीन शब्दांची असावी. ती एकदाच द्या आणि मनात दहापर्यंत मोजा. इथेच सगळ्यांचे चुकते. चार सेकंदांत काही झाले नाही की आपण तीच गोष्ट वेगळ्या शब्दांत सांगतो. त्यांच्यासाठी ती नवीन सूचना असते, आणि पहिली जी अर्धी उलगडत आली होती तीही जाते. पुन्हा सांगायचेच झाले तर तेच शब्द, त्याच सुरात. "मागे झुकू नका" असेही म्हणू नका, कारण मराठीत "नका" शेवटी येते आणि तोवर "मागे झुकू" कानात शिरलेले असते. त्याऐवजी "नाक पुढे" म्हणा.

प्रश्न : सासूबाई घरात चालतात, पण खुर्चीतून उठताना हात द्यावा लागतो. नेमके कोणते व्यायाम, किती वेळा, कोणत्या क्रमाने करावेत?

वीस मिनिटांचा क्रम देत आहोत. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटांवरच थांबा. आठवड्यातून किमान तीन दिवस, रोज जमले तर उत्तम, पण वेळ तीच आणि जागाही तीच ठेवा. जेवणानंतर तासभर तरी जाऊ द्या. संध्याकाळी ज्यांची घालमेल वाढते त्यांच्यासाठी सकाळ बरी. आधी लघवीला नेऊन आणा. पायात मागून बंद असलेली, न घसरणारी चप्पल किंवा बूट हवेत. मोज्यांवर किंवा सपातांवर करू नका. पायपुसणी उचलून ठेवा. गडद रंगाचे पायपुसणे त्यांना जमिनीतल्या खड्ड्यासारखे दिसू शकते आणि तिथे पाय अडतो.

सुरुवात बसूनच करा. टाचा जमिनीवर ठेवून चवडे वर-खाली पंधरा वेळा, मग बसल्या जागी कवायतीची पावले तीसेक. याने पोटऱ्यांतले रक्त वर ढकलले जाते आणि उभे राहताना घेरी येण्याची शक्यता कमी होते.

मग टॉवेल. मोठा टॉवेल लांबट गुंडाळा, समोरासमोर बसा, दोन्ही टोके दोघांच्या हातांत. तुम्ही ओढताना त्या पुढे येतात, त्या ओढताना तुम्ही. करवत चालल्यासारखे, दहा वेळा. दंड, पाठ आणि पुढे झुकण्याची सवय तिन्हींना काम मिळते, आणि पुढच्या उठ-बशीची ही तयारीच आहे. तुमचे ओढणे त्यांच्यापेक्षा हलके ठेवा आणि टॉवेल अचानक सोडू नका, झटक्याने माणूस मागे जातो. ज्या बाजूला लकवा येऊन गेला आहे त्या बाजूचा खांदा असा ओढायचा नाही.

आता उठ-बस. वेळ कमी असेल त्या दिवशी बाकी सगळे सोडा, पण ही सोडू नका. शौचालयात, पलंगावरून, गाडीतून, जिथे तिथे माणसाला उठावे लागते. ज्या दिवशी ते बंद पडते त्या दिवसापासून घरातले सगळेच जड होते. खुर्ची हातांची आणि भिंतीला टेकवलेली असावी. बैठक गुडघ्यामागच्या घडीच्या उंचीला असावी. उठणे फार जड जात असेल तर घट्ट घडी घातलेली चादर ठेवून बैठक दोन-तीन इंच उंच करा, आणि जमू लागल्यावर ती काढा. मऊ, खोलगट सोफा चालणार नाही.

त्या बैठकीच्या पुढच्या कडेला सरकतील. पावले खुब्यांइतकी अंतरावर, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे. छाती पुढे, इतकी की नाक पायाच्या बोटांच्या वर येईल. मग उठणे. तुमची खुर्ची समोर, हात लांब केल्यावर बोटांना बोटे जेमतेम लागतील इतकी दूर. खुर्ची जवळ घेतली की तुमचे डोके आपल्या डोक्यावर आदळेल या भीतीने त्या पुढे वाकतच नाहीत, आणि पुढे न वाकता कुणालाच उठता येत नाही. दोघींनी मिळून "एक, दोन, तीन" म्हणत तीन झोके घ्या आणि तिसऱ्याला उठा. सरळ उभ्या राहिल्यावर एकमेकींकडे पाहून पाच मोजा.

बसणे हाही तितकाच व्यायाम आहे, आणि माणसे पडतात ती बरेचदा बसताना. पोटऱ्यांना बैठकीचा स्पर्श झाल्याशिवाय बसायचे नाही. मग एक हात मागे नेऊन खुर्चीचा हात चाचपायचा आणि तीन मोजत खाली. खुर्ची आणि फरशी एकाच रंगाची असेल तर बैठक कुठे सुरू होते हे त्यांना कळत नाही. बैठकीवर उठून दिसणाऱ्या रंगाचा कपडा पसरा. उठ-बस पाच वेळा, दोन मिनिटे विश्रांती, पुन्हा पाच. दोन आठवड्यांत सहज जमू लागले तर आठ-आठ करा. हातांचा आधार हळूहळू कमी करा, पूर्ण सोडण्याची घाई नको.

नंतर ओट्यापाशी. दोघी शेजारी शेजारी, दोन्ही हात ओट्यावर. टाचा उचलून चवड्यांवर, दहा वेळा. ओट्याच्या कडेने आडवी पावले, चार इकडे, चार तिकडे. शेवटी एक पाऊल दुसऱ्याच्या अर्धे पुढे ठेवून दहा सेकंद उभे राहणे आणि मग पाय बदलणे. तोल सुधारायचा असेल तर तो थोडा डळमळला पाहिजे, म्हणून हे अगदी सोपे होऊ देऊ नका. पण हात ओट्यापासून दोन बोटांपेक्षा दूर नकोत.

उरलेला वेळ चेंडूला. आठ-दहा इंचांचा, हवा थोडी कमी असलेला मऊ चेंडू घ्या, बसून, हातभर अंतरावरून. फुगा हळू येतो, म्हणून सुरुवातीला तो जास्त चांगला. मोजायची गरज नाही. हसू आले की पुरे.

जोर किती लावायचा? करता करता गप्पा मारता याव्यात, पण गाणे म्हणता येऊ नये, इतका. नाडीवर विसंबू नका. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर चालू असेल तर श्रमाने नाडी हवी तशी वाढत नाही, आणि अल्झायमरवरच्या डोनेपेझिलसारख्या औषधांनी ती मुळातच मंद होऊ शकते. आकडे मोठ्याने मोजा. मोजणारा माणूस श्वास कोंडून धरत नाही, आणि कोंडलेल्या श्वासाने रक्तदाब एकदम चढतो. छातीत दुखणे, बोलता न येण्याइतकी धाप, घेरी, तोंड वाकडे होणे, एका बाजूची शक्ती जाणे किंवा बोलणे अचानक अडखळणे यांपैकी काहीही दिसले तर थांबा आणि वैद्यकीय मदत बोलवा.

प्रश्न : वडील माझ्यापेक्षा वजनदार आहेत. काखेत हात घालून उठवताना माझी कंबर धरली. दुसरा मार्ग आहे का?

काखेतून उचलणे आजपासून बंद करा. त्याने त्यांच्या खांद्याला इजा होते, तुमची पाठ जाते आणि त्यांचे पाय काम करायचे सोडून देतात. हात धरून समोरून ओढणेही तितकेच वाईट. डिमेन्शियात पुष्कळांना पुढे पडण्याची भीती वाटते, ओढले की शरीर आपोआप मागे रेटते. तुम्ही आणखी जोर लावता, ते आणखी मागे जातात. बाहेरून हे हट्टासारखे दिसते, पण ती तोल सांभाळण्याची प्रतिक्रिया आहे.

तुम्ही त्यांच्या बाजूला, किंचित मागे उभे राहा, तोंड ते पाहत आहेत त्याच दिशेला, एक पाय पुढे, एक मागे, गुडघे सैल. जवळचा हात त्यांच्या कमरेखाली माकडहाडाच्या वर सपाट ठेवा. दुसऱ्या हाताचा तळवा वर करून त्यावर त्यांचा तळवा येऊ द्या. बोटांनी आवळू नका, म्हणजे पकडून नेल्यासारखे वाटत नाही आणि वेळ आली तर सोडवताही येते. तीन झोक्यांनंतर कमरेवरचा हात पुढे आणि वर दिशा दाखवेल, उचलणार नाही. तुम्ही मागच्या पायावरून पुढच्या पायावर वजन न्या, पाठ वळवू नका. इतक्या मदतीने उठता येत नसेल तर बैठक उंच करा, तुमची ताकद वाढवू नका. दोन इंचांनी पडणारा फरक दोन माणसांच्या जोरापेक्षा मोठा असतो. तरीही अर्धे वजन तुमच्यावर येत असेल तर कमरेचा आधारपट्टा वापरायला फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या.

प्रश्न : "चल आई, व्यायाम करू" म्हटले की आई हात झटकते. कधी ओरडते. जबरदस्ती करावी का?

नाही. जबरदस्तीचा प्रसंग ती विसरेल, पण त्या खोलीशी आणि तुमच्या हाताशी जोडलेली भीती राहते.

नकाराचे कारण शोधा. सगळ्यात आधी दुखणे. गुडघा दुखतो हे तिला शब्दांत सांगता येत नसेल, पण कपाळाला आठी, श्वास रोखणे, एकाच पायावर भार देणे, हात काढून घेणे हे सगळे तेच सांगत असते. डॉक्टरांशी बोलून वेदनाशामक औषधाची वेळ व्यायामाच्या आधी आणता येते. लघवी लागली आहे का, पोट साफ आहे का, चष्मा आणि कानाचे यंत्र लावले आहे का, तेही पाहा. आतापर्यंत राजीखुशीने करणारे माणूस एक-दोन दिवसांत एकदम गोंधळले, झोपाळले किंवा चिडू लागले, तर "आजार वाढला" असे समजू नका. लघवीचा संसर्ग, पाणी कमी पडणे, बद्धकोष्ठता किंवा नवे औषध यांतले काही असू शकते. त्या दिवशी व्यायाम नको, डॉक्टर हवेत.

कारण सापडले नाही तर "व्यायाम" हा शब्दच सोडा. "या टॉवेलची घडी घालायला हात दे" म्हणा आणि घडी घालता घालता तो ओढा. तिच्या तरुणपणची गाणी लावा आणि तुम्ही स्वतः सुरू करा. तीन-चार मिनिटांनी पुष्कळ जणी सामील होतात. नाही झाल्या तर वीस मिनिटांनी पुन्हा पाहा, आणि दोनदा नकार आला की त्या दिवशी सोडून द्या. पाच मिनिटांचे तीन तुकडेही पंधरा मिनिटांइतकेच उपयोगी आहेत.

प्रश्न : याने स्मरणशक्ती परत येते का? किती मिनिटे केल्यावर?

परत येत नाही. इंग्लंडमध्ये ४९४ जणांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'डापा' या चाचणीत चार महिने बऱ्यापैकी जोराचा व्यायाम करून घेतला. लोकांची शारीरिक क्षमता वाढली, पण बुद्धीची घसरण मंदावली नाही. हे आधी मान्य केले तर पुढची निराशा टळते.

मिळते ते वेगळे आहे, आणि घरासाठी ते कमी मोलाचे नाही. फिनलंडमध्ये अल्झायमर असलेल्या व्यक्ती आणि त्यांचे जोडीदार अशा २१० जोड्यांना घेऊन वर्षभर चाललेल्या 'फिनालेक्स' चाचणीत (निष्कर्ष २०१३ मध्ये आले) आठवड्यातून दोनदा, तासभर व्यायाम केलेले लोक कमी वेळा पडले. ज्यांचा व्यायाम घरी येऊन करून घेतला, त्यांची रोजच्या कामांतली घसरणही मंदावली. त्याआधी २००३ मध्ये अमेरिकेतील एका अभ्यासात १५३ जोड्यांपैकी काहींच्या घरच्यांनाच व्यायाम आणि वागणुकीतल्या अडचणी हाताळणे शिकवले. तीन महिन्यांनी रुग्णांची हालचाल सुधारली आणि उदासपणा कमी झाला.

मिनिटांचे म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा सल्ला प्रौढांना आठवड्याला १५० मिनिटे मध्यम श्रम, आणि ६५ वर्षांवरील व्यक्तींना त्यासोबत तीन किंवा अधिक दिवस तोल आणि ताकद यांचा व्यायाम असा आहे. त्याच्या निम्मे झाले तरी शून्यापेक्षा पुष्कळ आहे. मोजायचेच असेल तर महिन्यातून एकदा मोजा : हात न लावता सलग किती वेळा उठता येते?

प्रश्न : पतीला लेवी बॉडी डिमेन्शिया आहे. उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि चालताना दारात पाय चिकटल्यासारखे होतात.

लेवी बॉडी हा डिमेन्शियाचा असा प्रकार आहे की त्यात स्मरणासोबत हालचाल आणि रक्तदाबही बिघडतो. दोन्ही त्या आजाराचीच लक्षणे आहेत. रक्तदाब आडवे असताना आणि मग उभे राहिल्यावर एक व तीन मिनिटांनी मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरत असेल तर डॉक्टरांना कळवा, औषधांचा फेरविचार करावा लागतो. तोवर पलंगाच्या कडेला दोन मिनिटे बसवा, घोटे हलवा, मगच उठवा, आणि व्यायाम मुख्यतः बसून करा.

पाय चिकटले की ओढू नका, "चला चला" म्हणू नका. थांबा. तुम्ही दोघे एका पायावरून दुसऱ्या पायावर दोन-तीनदा डुला, मग "एक" म्हणून मोठे पाऊल टाका. उंबरठ्याच्या अलीकडे एक हात अंतरावर रंगीत चिकटपट्टीच्या तीन-चार आडव्या पट्ट्या लावल्या तर त्या ओलांडायच्या निमित्ताने पाय सुटतो. चालताना बोलू नका. स्वीडनमध्ये १९९७ मध्ये दिसून आले की बोलण्यासाठी चालता चालता थांबणारे वृद्ध पुढे जास्त पडतात. त्यांचे सगळे लक्ष पावलांना लागते, तेवढे त्यांना द्या.

प्रश्न : चालताना आईचा तोल गेला तर काय करू?

झेलायला जाऊ नका, दोघीही पडाल. जवळ असाल तर एक पाय पुढे ठेवून तिला आपल्या अंगावरून हळूहळू खाली घसरू द्या आणि डोके सांभाळा. खाली बसल्यावर लगेच उठवू नका. पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसतो का, खुब्यात दुखते का, डोक्याला लागले का ते पाहा. तसे काही असेल, किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असून डोके आपटले असेल, तर मदत येईपर्यंत हलवू नका. सगळे ठीक असेल तर कुशीवर वळवा, मग हात-गुडघ्यांवर आणा. समोर एक खुर्ची ठेवा, तिच्यावर दोन्ही हात, एक पाऊल पुढे, आणि तिने स्वतः रेटत वर यायचे. तुम्ही दुसरी खुर्ची मागून आणून लावायची.

प्रश्न : सासरे आता अंथरुणावरच आहेत. हात-पाय हलवायला गेले की अंग ताठ करतात आणि माझा हात धरला की सोडत नाहीत. आता व्यायामाचा उपयोग आहे का?

आहे. सांधे आखडले की कपडे बदलणे, अंग पुसणे, कूस बदलणे हे सगळे दुखू लागते. ते टाळणे हाच आता व्यायामाचा हेतू.

ते अंग ताठ करतात ते विरोध म्हणून नव्हे. उशिराच्या टप्प्यात मेंदूचा आवर सुटल्याने स्नायू बाहेरून होणाऱ्या हालचालीला आपोआप अडवतात, आणि जितक्या वेगाने हलवाल तितके जास्त अडवतात. म्हणून वेग निम्म्यावर आणा, मग पुन्हा निम्म्यावर. कोपर सरळ करायला पाच-सहा सेकंद लागू द्या. एक हात सांध्याच्या वर, एक खाली, सपाट तळव्याने. चिमटीत धरले की ताठरपणा वाढतो. हात थांबला की तुम्हीही थांबा, दोन श्वास जाऊ द्या, सैल झाल्यावर पुढे न्या. खांदा, कोपर, मनगट, बोटे, खुबा, गुडघा, घोटा, प्रत्येक पाच वेळा, दिवसातून दोनदा. अंग पुसल्यानंतर ते ऊबदार आणि सैल असते, ती वेळ चांगली. खांदा दुखेल तिथवर नेऊ नका, ताणही देऊ नका. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहा.

मूठ न सुटण्याचे कारणही तसेच आहे. तळव्याला काही लागले की बोटे आपोआप मिटतात, बाळाची मिटतात तशी. बोटे एकेक करून उकलायला जाल तर आणखी आवळतील. त्यांचे मनगट हलकेच तळव्याच्या बाजूला वाकवा आणि हाताच्या पाठीवरून बोटांच्या टोकांकडे संथपणे हात फिरवा, पकड सैल होते. सुटल्यावर मऊ कापडाची गुंडाळी मुठीत द्या, म्हणजे नखे तळव्यात रुतत नाहीत. ती रोज बदला, आणि बदलताना तळवा धुऊन बोटांच्या बेचक्यांतूनही कोरडा करा.